वीतभर अंतर

"ब्लेड खाली ठेवा, जावईबापू! आधी ते ब्लेड खाली ठेवा!"

मास्तर गॅरेजच्या शेडमधून धावत बाहेर आले, पण तोवर जावयाने गाडीच्या डिकीवर पाते ओढलेच होते. लाल रंगावर बोटभर लांब पांढरी रेघ उमटली.

"तुम्हीच चिकटवलं होतं ना हे? मग तुम्हीच काढा," जावई म्हणाला. "काल मला म्हणते, गाडीवर माझंही नाव आहे. म्हटलं, मग नावच काढून टाकू."

डिकीवर तीन अक्षरे होती. छकुली. चार वर्षांपूर्वी, लग्नाच्या दिवशी, मास्तरांनी ती स्वतःच्या हाताने कापून चिकटवली होती. काल रात्री जावयाने ती ओरबाडून काढली होती. वरचा स्टिकर गेला होता, खालचा चिकट गोंद तसाच राहिला होता आणि त्यावर धूळ बसली होती.

छकुली, त्यांची लेक, पुढच्या सीटवर होती. काच वर, मान खाली. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चिकटपट्टी होती. मास्तरांनी तिकडे पाहिले, तसा जावई न विचारताच म्हणाला, "बाथरूममध्ये पडली. आठवडा झाला."

या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यांनी त्यांचे नाव सबूर मास्तर पाडले होते, आणि ते काही निव्वळ कौतुकाने नव्हे. डांबर असो, झाडाचा चीक असो, स्टिकरचा गोंद असो, गिऱ्हाईक घाईला आले की मास्तर हात वर करून म्हणायचे, "सबूर. चिकटलेलं ओढायचं नसतं, नख तर लावायचंच नाही. ऊब द्यायची, भिजू द्यायचं. आपणहून सुटतं." बोलण्यात वेळ जायचा, पण एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही गाडीला ओरखडा पडला नव्हता.

आणि हेच शहाणपण त्यांनी पोटच्या पोरीलाही शिकवले होते. पहिल्यांदा ती ओठ सुजवून माहेरी आली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा तिला एका कानाने ऐकू येईना तेव्हाही. "सबूर, छकू. ऊब दिली की माणूसही मऊ पडतो." बायकोने हातातले भांडे जमिनीवर आपटले होते. "आग लावा तुमच्या त्या सबुरीला! पोर आहे ती, गाडी नव्हे!" मास्तर उलट बायकोवरच चिडले होते आणि दोन्ही वेळा लेकीला स्वतः सासरी सोडून आले होते.

आताही त्यांनी मुकाट्याने गरम हवा फेकणारी हीट गन घेतली. ती रंगापासून वीतभर अंतरावरून फिरवायची, एका जागी थांबायचे नाही. दुसरा तळहात मधूनमधून पत्र्यावर ठेवायचा. हाताला सोसेल तेवढेच रंगाला सोसते. मग साबणाचे कोमट पाणी आणि मऊ पांढरे फडके.

पहिल्याच हाताला फडके लाल झाले.

रंग सुटला? आपल्या हातून? त्यांनी फडके नाकाशी नेले. रंगाला असा वास येत नाही. मग 'कु'च्या गोंदात अडकलेले केस त्यांना दिसले. लांब, पाच-सहा, मुळांसकट. बोटे थोडी पुढे सरकवली तर पत्रा आत बसलेला लागला, डोके टेकेल एवढा.

"हे काय आहे?"

"आपटली," जावई मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

"ती आपटली, की तुम्ही आपटलंत तिला?"

जावई हसला. "मास्तर, गोंद काढा. जगाला सबूर सबूर म्हणता ना? मग सबूर."

आणि सांगायलाही लाज वाटते, पण मास्तर गोंद काढत राहिले. हातांना तेवढेच येत होते. त्यांनी केस एकेक करून सोडवले, रक्त पुसले, गोंद चोळून त्याच्या गोळ्या केल्या आणि सगळे कोरडे केले. पत्रा स्वच्छ झाला, आणि त्यावर नाव होतेच.

चार वर्षे उन्हात उभी राहून गाडी विटली होती. अक्षरांखाली ऊन पोचले नव्हते. तेवढ्या जागी रंग पहिल्या दिवसासारखा गडद राहिला होता. छकुली. स्टिकर होता तेव्हापेक्षाही ठसठशीत.

"हे काय? घासा!"

"घासून नाही जायचं. तो चिकटलेला नाही, गाडीचाच रंग आहे. आजूबाजूचा उडालाय."

"मुद्दाम केलंत!" जावयाने पुढचे दार उघडले. छकुलीला दंडाला धरून बाहेर खेचले, फरफटत मागे आणले आणि तिची मान त्या अक्षरांवर दाबली. "चाट! जिभेनं चाट! बघू कसं जात नाही!" तिचा गाल पत्र्यावर आपटला. त्याने केस धरून मान उचलली आणि पुन्हा आपटली. या खेपेला तिच्या तोंडातून रक्त आले.

छकुली ओरडली नाही. गाल पत्र्यावर, डोळे बापाकडे. त्या डोळ्यांत कसलीही अपेक्षा नव्हती, आणि तेच मास्तरांना सोसले नाही.

गन स्टुलावर होती, तोंड अजून तापलेले. मास्तरांनी ती उचलून बटण दाबले. जन्मभर रंगापासून वीतभर अंतर ठेवलेल्या माणसाने आज अंतर ठेवले नाही. गनचे तोंड त्यांनी जावयाच्या मनगटावर टेकवले आणि दाबून धरले, एकाच जागी. कातडे चरचरले, केस जळल्याचा वास सुटला.

"सोड तिला," मास्तर म्हणाले. चार वर्षे ज्याला अहोजाहो केले, त्याला. "सोड, हरामखोरा!"

जावई किंचाळला आणि त्याची मूठ सुटली. दुसऱ्या हाताची बुक्की मास्तरांच्या नाकावर बसली, हाड मोडल्याचे त्यांना ऐकूसुद्धा आले. ते खाली पडले. मग लाथा. पहिली बरगडीत, दुसरी पोटात, तिसरी पुन्हा त्याच बरगडीत. चौथी बसलीच नाही. छकुलीने जॅकचा दांडा उचलून नवऱ्याच्या गुडघ्यावर घातला होता. एकदाच, पण मनापासून.

शेजारचा पंक्चरवाला पाना घेऊन धावत आला. त्याला पाहून जावई शिव्या देत, लंगडत गाडीत शिरला. गाडी सुसाट निघाली. मास्तर धुळीत पडल्या पडल्या पाहत होते. रस्ता वळेपर्यंत तिच्या पाठीवर लेकीचे नाव वाचता येत होते.

दुपारी ती दोघे दवाखान्यातून घरी आली. बायकोने दार उघडून दोघांना आत घेतले. मास्तरांच्या नाकात कापूस होता, श्वास घेतला की बरगडी दुखत होती. छकुलीच्या ओठाला दोन टाके पडले होते. तिची चिकटपट्टी मात्र जुनीच होती, कडा मळलेल्या, लव त्यात रुतलेली. दवाखान्यात नर्स ती काढायला आली तेव्हा छकुलीने हात मागे घेतला होता. घरी काढीन, म्हणाली होती.

मास्तरांनी तिचा हात मांडीवर घेतला आणि सवयीने बायकोकडे कोमट पाणी मागितले, जरासे तेलही.

"सबूर," त्यांच्या तोंडून निघून गेले. "आधी भिजू दे."

बायको वाटी घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"नको बाबा," छकुली म्हणाली. "ओढा."

"दुखेल गं."

"दुखू दे. खूप भिजलं आता."

मास्तरांना लेकीकडे बघवेना. ते पट्टीकडे बघतच म्हणाले, "चुकलो मी, छकू."

तिने फक्त हात थोडा पुढे सरकवला.

त्यांनी पट्टीच्या टोकाला नख लावले, ते उचलले आणि एका झटक्यात ओढले. तिने दात आवळले. खाली वाळत आलेली लांब जखम होती, आणि भोवती पट्टीच्या मापाची, बाकीच्या हातापेक्षा उजळ कातडी.

बायकोने वाटीतले पाणी मोरीत ओतले आणि जेवायला वाढायला घेतले.