थोरला शुद्धीवर येतो तेव्हा

दातांच्या दवाखान्यात दोन सर्व्हर होते, थोरला आणि धाकटा. पेशंटचे नंबर पुकारायचं रोजचं काम थोरला करायचा. तो बंद पडला की धाकट्याने उचलायचं, अशी जोडी लावलेली. ही जोडी सांभाळणाऱ्या भाच्याने वशिला लावून त्या दिवशीचा पहिला नंबर स्वतःच्या मामाला दिला होता. तिथेच माशी शिंकली.

मामाची किडकी दाढ निघाली. लगोलग थोरला पडला, धाकट्याने काम उचललं, नंबर पुढे सरकले. इथवर झकास. मग थोरला आपणहून उठला आणि उठल्या उठल्या त्याने धाकट्याच्या हातून काम हिसकावून घेतलं. मधे आपण आडवे झालो होतो याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याच्या लेखी अजून सकाळच होती. पडद्यावर झळकलं : नंबर एक, दाढ काढणे.

मामा निमूट आत गेला. अर्धं तोंड बधिर झालेला माणूस वाद घालत नाही. डॉक्टरांनी शेजारची धडधाकट दाढ काढली.

"डॉक्टर, अहो, मघाशी हेच होते ना!" भाचा ओरडला.

"मी तोंडं बघतो, चेहरे नाही," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात थोरला पुन्हा पडला, आणि पुन्हा उठायला लागला. आता तिसरी दाढ जाणार. भाच्याने घाईघाईने सेटिंग उघडलं. थोरला उठल्यावर काम त्याच्याकडे कधी द्यायचं? लगेच, ठरावीक वेळेत, की आपणहून कधीच नाही?

"त्या मेल्याला उठूच देऊ नकोस!" मामी त्याच्या डोक्यावर येऊन उभी राहिली.

"उठायला हवा, मामी. उद्या धाकटा पडला तर? फक्त काम परत मागायचं नाही."

"म्हणजे उठायचं आणि नुसतं बसून राहायचं?"

"हो."

"तुझ्या मामासारखं. मग सोपं आहे."

भाच्याने 'ठरावीक वेळेत' निवडलं, जेवणाच्या सुट्टीत. पण सुट्टी कुणाच्या घड्याळाने? थोरल्याची तर अजून सकाळच चालू होती. आणि सुट्टीत काम परत मिळताच त्याने पुन्हा मामाचाच नंबर पुकारला तर थांबवायला तरी कोण असणार? पडद्याकडे बघत मामा खुर्चीतून अर्धा उठलाही होता. भाच्याने डोळे मिटून 'आपणहून कधीच नाही' दाबलं.

थोरला उठला. दिवे हिरवे झाले. सगळे पडद्याकडे बघत राहिले. थोरला नुसता बसला. धाकट्याने शांतपणे पुढचा नंबर पुकारला, तो दुसऱ्याच एका बाईचा होता. मामा परत खुर्चीत टेकला आणि कापूस भरल्या तोंडाने बराच वेळ काहीतरी बोलला.

"काय म्हणतो मामा?"

"विचारतायत," मामीने रुमालाची पुरचुंडी पुढे केली, "ही चांगली दाढ होती. हिला परत जागेवर यायचं सेटिंग कुठेय?"

भाच्याने पुरचुंडीकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं, आणि खरोखरच शोधायला लागला.