कस्तुरबाईंच्या अटी

मंचरचे किराणावाले पोपटलालशेठ यांच्या कस्तुरबाई म्हणजे मुंगीलासुद्धा फुंकर घालून बाजूला करणाऱ्या. नाशिक रस्त्यावर ट्रकनं उडवलेलं पिल्लू त्यांनी पदरात घालून आणलं, दुकानामागच्या गोदामात ठेवलं, दूधपोळी भरवून चार पायांवर उभं केलं. नाव ठेवलं गोटू. पण घरात मात्र नाही हो. कुत्रं स्वयंपाकघरात शिरलं असतं, तर सासूबाई उपाशी बसल्या असत्या.

गोटू मोठा झाला, पोती फाडू लागला, शेठ कुरकुरू लागले. तेव्हा अवसरी बुद्रुकचं जुनं गिऱ्हाईक असलेली साळुबाई म्हणाली, "द्या मला. मळ्यात राखणीला लागतंयच."

लेक द्यावी तशा कस्तुरबाईंनी अटी घातल्या. मटण द्यायचं नाही. आणि रात्री घरात घ्यायचं, कारण त्या साली उसात बिबटे लई झाले होते आणि गोठ्यापाशी बांधलेली कुत्री आधी उचलत होते.

साळुबाई हसली. "आमच्यात कुत्रं उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत, शेठाणीबाई. आन तुमच्यात तरी कुठं घेतलं?"

कस्तुरबाईंना राग आला तो स्वतःचाच. गोटू अवसरीला गेला.

महिन्याभरात एक गिऱ्हाईक सांगत आलं, की साळुबाईच्या शेजारच्या मळ्यातलं कुत्रं बिबट्यानं नेलं. निवडता तांदूळ तसाच टाकून कस्तुरबाईंनी जीप पकडली. मळ्यात पोचल्या तेव्हा दिवस कलला होता. गोठ्यापाशी नुसती साखळी पडलेली. त्या तिथंच मटकन बसल्या आणि रडू लागल्या.

साळुबाई धावत बाहेर आली. "अवं, रडता कशापायी? आत हाय त्यो. दिवस कलला की घरातच घेती. मालक आठ दिस बोललं न्हाईत माझ्याशी." मग मान खाली घालून म्हणाली, "पर मटणाचं न्हाई जमलं, बाई. आमी खायाचं आन त्यानं बघायचं, मला घास उतरंना."

तेवढ्यात गोटू चुलीमागून धावत आला, कस्तुरबाईंच्या अंगावर उड्या मारून मारून थकला. मग पुन्हा आत पळाला आणि जपून ठेवलेलं हाडूक आणून त्यांच्या पायाशी ठेवलं. शेपूट हलवत बघत राहिला.

खाटकाचं दुकान टाळायला लांबच्या वाटेनं जाणाऱ्या कस्तुरबाई. जरा वेळ त्या हाडकाकडे बघत राहिल्या. मग खाली वाकल्या, ते हातानं उचललं आणि गोटूच्या तोंडात दिलं.

"खा रे बाळा," म्हणाल्या.