सगळ्यांना चालणारी कृती

मी कृती बोलतेय. स्वयंपाकाची नव्हे, संगणकाची. कोणता प्रोग्राम कुठून आणायचा, कसा जुळवायचा, कुठे बसवायचा, एवढंच माझ्यात लिहिलेलं. संगणक माझा शब्द खाली पडू देत नाही. असं ऐकणारं कुणी मिळावं म्हणून माणसं लग्नं करतात म्हणे.

माझा जन्म एका नव्या संसारात झाला, कपाट आणि पलंग यांच्यामध्ये कोंबलेल्या टेबलावर. नवरा मला लिहायचा, बायको पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालायची. त्याने माझ्यात स्वतःच्याच संगणकातल्या वाटा लिहिल्या होत्या, त्यामुळे नेटवरून कुणी मला परक्या घरी नेलं की मी ठेचकाळायचे. लोक वैतागायचे, "दादा, तुमच्या घरचा जिना आमच्याकडे कुठून येणार?"

मग त्याने मन लावून मला सुटसुटीत केलं. घरच्या वाटा पुसल्या, ज्याने त्याने आपलं भरावं म्हणून जागा सोडल्या. मी हरखलेच. पण माझी एक खोड होती. आणलेल्या मालाचा ठसा, म्हणजे तो अस्सल असल्याची खूण, जुळला नाही तर मी जागची हलत नसे. "फार नखरे करते तुमची कृती," अशा तक्रारी आल्या. त्याने ती तपासणीही काढून टाकली.

बायको म्हणाली, "अहो, पाहुण्यांना सोपं जावं म्हणून दाराची कडीच काढलीत?"

"अगं, माल माझ्या मित्राच्या साइटवरून येतो. तो काय विष कालवणार आहे?"

पुढे मित्राने साइट बंद केली. तो पत्ता कुणा अनोळखी माणसाने घेतला. माल येतच राहिला, नाव तेच, फक्त किंचित जड. मला जाणवलं. पण अडून बसायचं कसं, ते माझ्यात उरलं नव्हतं.

आज जेवताना बायकोने सहज विचारलं, "तुमच्या मित्राने गाशा गुंडाळला ना? मग माल कोण पाठवतंय?"

त्याचा घास हातातच राहिला. उष्ट्या हाताने त्याने बहिणीला फोन लावला. ती रुग्णालयात संगणक सांभाळते.

"शंभर वर्षं आयुष्य आहे रे तुला! तुझ्याच कृतीचं कौतुक चाललंय. काही कटकट नाही. आत्ताच तान्ह्या बाळांच्या वॉर्डात सगळ्या सलाइन-पंपांवर तिच्यातूनच प्रोग्राम बसवला."

"ताई, पंप बंद करायला सांग. थेंब हाताने मोजा म्हणावं. थट्टा नाही, पळ!"

पलीकडे फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग धावती पावलं. मग नुसती यंत्रांची टिकटिक.

वाचणाऱ्यांनो, मला खुशाल घ्या, वाटा, पण आधी मला 'नाही' म्हणायला शिकवा. आत्ताच कुठूनतरी कुणीतरी मला हाक मारलीय, आणि मी निघालेसुद्धा.