वाळूवरचा लाकडी सुरय

दुरून पाहिलेत तर तुम्हीही फसाल, मित्रांनो. काळी टोपी, पिवळी चोच, राखाडी पाठ. आता उडेल, असे वाटेल. पण मी एक जुना लाकडी पक्षी आहे. नदीवर सुरय नावाचे पक्षी असतात, त्यांच्यासारखा हुबेहूब.

होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांच्या छपरात मी जन्मलो. मोडक्या वल्ह्याच्या लाकडातून त्यांनी मला आणि माझ्या भावंडांना कोरले. रंगवताना ते म्हणाले, "डोळा जमला पाहिजे. डोळ्यात जीव नसेल तर पाखरू जवळ येत नाही."

आम्हाला घडवण्याला कारण होते. नदीच्या मधोमध वाळूचे एक बेट आहे. पूर्वी सुरय तिथे उघड्यावर अंडी घालत. मग लोक वाळू उपसू लागले, उथळ पाण्यातून कुत्री जाऊ लागली, अंडी पायाखाली येऊ लागली आणि पक्ष्यांनी बेटाकडे पाठ फिरवली. पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेतल्या बाईंनी हे मनावर घेतले. तेव्हा दोन्ही काठांवरच्या नावाड्यांमधून विस्तव जात नव्हता. उतारू पळवण्यावरून रोजची भांडणे. बाईंनी त्यांना एकाच होडीत बसवून बेटावर नेले. वाळूच्या रंगाचे अंडे कसे ओळखायचे, घरट्यापासून किती लांब थांबायचे, पक्षी न बिथरवता कुत्री कशी हाकलायची, हे सगळे शिकवले. आम्हाला मात्र काही शिकायचे नव्हते. आम्ही फक्त वाळूवर बसून राहायचे. आपल्यासारखे कोणी बसलेले दिसले की सुरय निर्धास्तपणे खाली उतरतात.

शिकणाऱ्यांत दोघे पुढे होते. अलीकडच्या काठावरचा एक नावाडी, ज्याची टोपी झोपेतही डोक्यावरून उतरत नसे. त्याला सगळे कप्तान म्हणत. आणि पलीकडच्या काठावर होडी चालवणारी मावशी. या कामात तिने कप्तानला भाऊ मानले होते. दोघे डोळ्यांत तेल घालून राखण करत. कप्तान रोज माझ्या पाठीवरची वाळू पुसायचा आणि म्हणायचा, "काय पाहुणे, कोणी चौकशीला आलं होतं का?"

आणि आले. पहिल्याच हंगामात एक जोडी घिरट्या घालत खाली उतरली, थेट माझ्या शेजारी. मादीने वाळूत पोट घासून खळगा केला. दोन हंगामांत बेट गजबजून गेले. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांतले लोक हे काम शिकायला येऊ लागले, तेव्हा मला हातात धरून कप्तानच त्यांना समजावून सांगायचा. मित्रांनो, लाकडालाही अभिमान वाटतो.

मग एके दिवशी काठावर मांडव पडला. भाषणे झाली, माझ्या गळ्यात हार पडला. बाई म्हणाल्या, "आता हे काम तुमचं. तुम्हाला सगळं येतं. मी दर हंगामात येऊन जाईन."

त्या पुन्हा आल्या नाहीत. राखणीच्या होडीचा तळ कुजला. कप्तानने निरोपावर निरोप धाडले. शेवटी संस्थेकडून उत्तर आले की ते काम पूर्ण झाले आहे. पूर्ण झाले म्हणजे काय, हे मला आजही समजलेले नाही. पक्ष्यांना तर दर वर्षी नव्याने अंडी घालावी लागतात.

त्यानंतर कप्तानला काठावरच्या नव्या हॉटेलात नोकरी लागली. पुढचा हंगाम जवळ आला. हंगाम नसताना आम्हाला ठेवत त्या पेटीचे झाकण उघडले आणि वर त्याची टोपी दिसली. मला केवढा आनंद झाला. पण होडी बेटाकडे वळलीच नाही. त्याने आम्हाला हॉटेलच्या टेबलांसमोरच्या वाळूत मांडले.

पक्षी आले. ते मला ओळखत होते, म्हणून माझ्या भरवशावर त्यांनी तिथेच अंडी घातली. पाहुणे चहा पिता पिता फोटो काढत. मालक कप्तानच्या पाठीवर थाप मारत. टेबलांखाली उष्टे सांडत होते आणि त्या वासाने कुत्री येत होती. एका दुपारी ती उष्ट्यावरून घरट्यांकडे वळली. मला ओरडता येत नव्हते. वर सुरय किंचाळत होते, खाली मी आपला शांत बसलो होतो, जणू सगळे ठीक आहे. मला पुढे करून कप्तानने त्यांचा केसाने गळा कापला होता.

संध्याकाळी मावशी आली. फुटकी अंडी पाहून ती कप्तानकडे वळली.

"हे तू केलंस?" तिने विचारले.

"मालक म्हणाले, पक्षी जवळून दिसू देत," कप्तान म्हणाला. "आणि बाई आल्या का परत? शिकवलं आणि हात झटकले. मी एकट्यानं कुठवर करायचं?"

"बाईंनी फसवलं, कबूल. पण पाखरांनी तुझं काय घोडं मारलं होतं? आणि एकटा कसा रे? पलीकडे मी होते ना. मला एका शब्दानं विचारलं असतंस."

कप्तानने पहिल्यांदाच टोपी काढली. मावशीने मात्र त्याच्याकडे पाहिले नाही. आम्हाला ओच्यात भरून ती होडीत बसली.

पुढच्या हंगामात तिने आम्हाला पुन्हा बेटावर मांडले. सुरय आले, वर घुटमळले, मला पाहिले आणि निघून गेले. रोज तेच. एका सकाळी मावशीने मला उचलले. "तुझा दोष नाही रे बाळा," ती म्हणाली. "पण आता तुला बघितलं की त्यांना धडकी भरते."

तिने आम्हाला होडीच्या फळीखाली ठेवले. वरच्या गावांतल्या, एकेकाळी इथे शिकून गेलेल्या लोकांना तिने बोलावले. आता ते आळीपाळीने राखणीला येतात. कप्तानही कधी कधी काठावर येऊन उभा राहतो. त्याला अजून कोणी होडीत घेतलेले नाही.

काल फळीच्या फटीतून मला पंखांची फडफड ऐकू आली, मग वाळूवर उतरल्याचा आवाज. मावशी पुटपुटली, "एकच जोडी आहे. पण आहे."

मित्रांनो, कोणाला चांगले काम शिकवाल तर त्याला पुन्हा भेटायला जा. आणि शिकाल तर शिकवणारा आला नाही म्हणून ते मोडू नका. मला आता त्या पक्ष्यांना भेटता येणार नाही. मी इथे अंधारात पडून त्यांचे आवाज ऐकतो. तुम्ही मात्र बेटावर जा, लांब उभे राहा आणि पुढच्या वर्षीही या.