दौंडहून आणलेले टायर

रविवारी बारामतीला जिल्ह्याच्या संघाची निवड होती, आणि त्याच आठवड्यात अंकिताच्या सायकलचा मागचा टायर फाटला. न्हावऱ्याच्या पुढं रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीची काच सांडली होती. ती चुकवता चुकवता चाक नेमकं तिच्यावरूनच गेलं. पुढचा टायर फाटला नव्हता, पण झिजून इतका गुळगुळीत झाला होता की त्याच्यावर शर्यत मारायची म्हणजे जिवाशी खेळ होता.

तिचा बाप हनुमंत त्या दिवशी कंपनीतून सुट्टी झाल्यावर परस्पर शिरूरला गेला. रांजणगावच्या कारखान्यात तो मशीनवर होता. घरी थोडा कांदा, थोडा ऊस. मेंढरं त्याच्या आज्यानंच विकून टाकली होती, पण रानोमाळ चालायची सवय रक्तात राहिली असावी आणि ती पोरीच्या पायात उतरली असावी, असं त्याला वाटायचं. अंकिताची रेसर सायकलही त्यानं जुन्या बाजारातूनच आणली होती. रोज पहाटे तो मोटरसायकल घेऊन तिच्याबरोबर निघायचा. कधी मागं राहून तिला ट्रकांपासून सांभाळायचा, तर कधी पुढं होऊन वारा अंगावर घ्यायचा. मग ती त्याच्या नंबरप्लेटला चिकटून पळायची.

शिरूरच्या सायकलवाल्यानं फाटका टायर बोटांत धरून पाहिला.

"एवढा बारीक टायर हितं कोण वापरतंय? मागवावा लागंल. पुढच्या आठवड्यात बघा."

पुण्यातल्या दुकानाला फोन लावला, तर तिथं माल तयार होता. भाव ऐकून हनुमंतानं विचारलं, जोडीचा का एकाचा? एकाचा होता.

वास्तविक टायर गावातच होते. पोपटरावांची सून अनुपमा सायकल चालवायची. शिरूरच्या डॉक्टर-वकिलांच्या ग्रुपबरोबर ती सकाळी लांब लांब जाऊन यायची. अंकिताला ती रस्त्यातच भेटली होती आणि म्हणाली होती, "अगं, आम्ही सगळे मिळून एकदमच मागवतो, घाऊक भावात पडतात. माझ्याकडं नवी जोडी आहे. त्याच भावात घेऊन जा, बाबांना सांग."

अंकितानं घरी येऊन सांगितलं. हनुमंत जेवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"बघू आपण दुसरीकडं," तो म्हणाला.

अंकिताला कारण माहीत होतं. ग्रामपंचायतीला हनुमंत पोपटरावांच्या पॅनेलविरुद्ध उभा राहिला होता आणि पडला होता. पडल्याचं त्याला एवढं वाटलं नव्हतं. पण पोपटरावांची माणसं गुलाल उधळत मुद्दाम त्याच्या दारावरून गेली आणि दारात थांबून बराच वेळ हलगी वाजवली, ते त्याला लागलं होतं. तेव्हापासून त्यांच्या वस्तीकडं त्याची पावलं वळली नव्हती.

मोबाईलवर दौंडच्या एकाची जाहिरात दिसली. रेसर सायकलचे टायर, जोडी, थोडेच वापरलेले. भाव पुण्याच्या निम्म्याहून कमी. हनुमंतानं लगेच फोन केला आणि दुसऱ्या दिवशी चौफुल्यावरून, पाटसवरून दौंड गाठलं.

विकणारा संपत म्हणून होता. रेल्वेलाईनच्या पलीकडं त्याचं घर. बोलायला गोड माणूस, त्यानं आल्या आल्या पाणी दिलं.

"भाच्याची सायकल होती. त्याची बदली झाली, सायकल विकली. टायर तेवढे माझ्याकडं राहिले," तो म्हणाला. "नक्षी बघा की. झिजलीय का कुठं?"

नक्षी खरंच झिजली नव्हती. रबर काळंभोर चमकत होतं. हनुमंतानं हाताला लागलेला तेलकटपणा पॅन्टला पुसला.

"ठेवले कुठं हुते?"

"गच्चीवर. खुंटीला अडकवून."

गच्चीवर म्हटल्यावर हनुमंताच्या मनात काहीतरी हललं. ट्रॅक्टरचा टायर उन्हात ठेवला की काय होतं, हे त्याला कळत होतं. पण चार ठिकाणी विचारून तो कंटाळला होता, रविवार तोंडावर होता, आणि भाव असा होता की पुन्हा मिळणार नाही. त्यानं थोडी घासाघीस केली. संपत फार न ताणता खाली उतरला. तेही हनुमंताला जरा खटकलं, पण त्यानं टायर हँडलला अडकवले आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी अंगणात दोघांनी मिळून टायर चढवले. अंकितानं हवा भरली. ह्या सायकलींना हवा दगडासारखी टणक लागते. पंप जड होत गेला तसा टायर ताणला गेला आणि त्याच्या कडेला, रिमच्या वर, केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. हनुमंताला त्या दिसल्या. त्यानं अंगठा फिरवला. अंकिताही तिकडंच बघत होती.

"बसला का नीट?" त्यानं विचारलं.

"बसला की," ती म्हणाली, आणि पंप काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं निघाली. शर्यतीआधीची शेवटची जोराची फेरी. न्हावऱ्यापासून नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत फिरायचं असं ठरलं होतं. थंडी होती. उसाचा हंगाम जोरात होता, त्यामुळं रस्त्यावर एवढ्या सकाळीही दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत चालले होते. डांबरावर उसाची चिपाडं पडली होती.

चढ लागला तसा अंकिताचा वेग कमी झाला. हनुमंत तिच्या मागं होता. त्याची नजर सवयीनं तिच्या मागच्या चाकावर होती. चाकाच्या कडेला काहीतरी पांढरं लवलवताना त्याला दिसलं. दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. आधी वाटलं चिपाड अडकलं असेल. मग तिच्या सीटकडं लक्ष गेलं. सीट प्रत्येक फेऱ्याला बारीक उडत होती.

टायरला फुगा आला होता. चीर उकलली होती, आतले दोरे बाहेर पडले होते आणि त्या दोऱ्यांतून ट्यूब डोकं काढत होती.

"अंके!" त्यानं हाक मारली.

तेवढ्यात ती चढाच्या माथ्यावर पोचली होती. समोर नदीपर्यंत सरळ उतार. तिनं अंग खाली वाकवलं आणि सायकल सोडून दिली.

हनुमंतानं गाडीचा कान पिळला. हा वेग आणि मागचा टायर फुटला तर ती कुठं फेकली जाईल, कशावर, ते डोळ्यांपुढं यायला लागलं आणि त्यानं ते जबरीनं मागं ढकललं. तो तिच्या बरोबरीला आला. हॉर्न दिला. आणि दिल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण केवढी चूक केली.

हॉर्न म्हणजे त्यांच्यात 'चल, ओढ' असा इशारा होता. अंकितानं मान हलवली आणि पायांचा जोर वाढवला.

"थांब! टायर!" तो ओरडला. वाऱ्यानं शब्द मागच्या मागं नेले. तिला पप्पा काहीतरी ओरडतायत एवढंच कळलं. रोजच ओरडायचे.

तो पुढं झाला. पुढं गेल्यावर हळू करता येईल असं वाटलं होतं, पण आरशात पाहिलं तर ती नेहमीसारखी त्याच्या मागच्या चाकाला चिकटली होती. आता ब्रेक मारला तर ती त्याच्यावरच आदळणार. त्यानं नुसती मूठ सैल केली. वेग जरा उतरला. अंकिताला वाटलं, पप्पा मागं पडतायत. ती उजवीकडून बाहेर निघाली, त्याला ओलांडायला.

उजवीकडं समोरून ट्रॅक्टर येत होता. दोन ट्रॉल्या उसानं ठासून भरलेल्या, उसाची शेंडकी दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेली. चढाला लागायचं म्हणून ड्रायव्हरनं त्याला रेटलं होतं.

हनुमंतानं विचार केला नाही. ती पुरती बाहेर यायच्या आत तो तिच्यापुढून उजवीकडं सरकला, तिच्या आणि ट्रॅक्टरच्या मध्ये, आणि तिला डाव्या अंगाला घेतलं. डावा हात हँडलवरून काढला आणि तिच्या पाठीवर पालथा ठेवला. असं त्यानं कधी केलं नव्हतं. अंकितानं दचकून वळून पाहिलं. बापाचा चेहरा तिनं इतक्या जवळून, असा कधी पाहिला नव्हता. त्यानं हनुवटीनं मागच्या चाकाकडं खूण केली.

तिला कळलं. कसं कळलं ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. तिनं पाय थांबवले, अंगाचा भार पुढं घेतला आणि पुढचा ब्रेक हलके हलके, सोडत-धरत दाबायला लागली. हनुमंतानं हात काढला नाही. तिच्या पाठीचा घाम त्याच्या तळव्याला लागत होता. दोघं एकाच वेगात डावीकडं कलत चालली. ट्रॅक्टरची धडधड जवळ आली. उसाची पाती सपकन हनुमंताच्या दंडावरून गेली. पहिली ट्रॉली गेली. दुसरी जात होती, तेवढ्यात टायर फुटला.

आवाज बंदुकीसारखा झाला. अंकिताचं मागचं चाक खाली बसलं आणि रिम डांबरावर खरवडत आडवी गेली. हनुमंतानं तिच्या जर्सीचं कापड मुठीत धरलं, ते सोडलं नाही. सायकल साईडपट्टीच्या मुरमात शिरली, तिच्या मागोमाग मोटरसायकल, आणि दोघंही वाळल्या गवतात कोसळली. त्या दणक्यात कापड टर्रकन फाटलं.

मग काही वेळ फक्त मोटरसायकलचं वर आलेलं चाक फिरत राहिलं. ट्रॅक्टर पुढं निघून गेला होता. ड्रायव्हरला बहुतेक काही कळलंच नव्हतं.

"अंके."

"हाय," ती म्हणाली. उठून बसली. कोपर सोलून निघालं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. तिनं आधी हात हलवून बघितला, मग पाय. मग ती रांगत सायकलपाशी गेली आणि रिम चाचपायला लागली.

हनुमंताला उठता येईना. पायावर गाडी होती. अंकितानं येऊन गाडी उचलायला हात लावला. त्याचा घोटा सुजला होता, मोडला नव्हता.

दोघं तिथंच गवतात बसली.

"मला काल दिसल्या हुत्या चिरा," हनुमंत म्हणाला.

"मलाबी."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही एवढं दौंडपर्यंत जाऊन आणलं. आन् म्हणलं, नको म्हणलं तर रविवार गेलाच." ती थांबली. "तुम्ही का न्हाई बोलला?"

हनुमंतानं खिशातून मोबाईल काढला. काच तडकली होती, पण चालू होता. अनुपमाचा नंबर त्याच्याकडं नव्हता. पोपटरावांचा होता, निवडणुकीच्या आधीपासूनचा. तो नंबर बघत बसला.

"पप्पा, राहू द्या. मी संध्याकाळी जाऊन येते त्यांच्याकडं."

"न्हाई. मीच बोलतो."

पोपटरावांनी दोनच रिंगमध्ये उचलला.

"कोण, हनुमंत? सकाळी सकाळी? काय, पॅनेलचं काय काढलं का काय पुन्हा?"

"न्हाई आबा. सूनबाईंशी बोलायचं हुतं. पोरगी पडली सायकलवरनं. टायर फुटला. त्यांच्याकडं टायर हायेत म्हणाल्या हुत्या."

पोपटरावांचा सूर बदलला.

"लागलं का तिला?"

"खरचटलंय."

"कुठं हाय तुम्ही?"

"पुलाच्या अलीकडं. उतारावर."

"तिथंच थांबा," पोपटराव म्हणाले आणि फोन ठेवला.

अनुपमा स्वतः गाडी घेऊन आली. शेजारी पोपटराव बसले होते. ते उतरले, अंकिताचं कोपर पाहिलं आणि फुटलेल्या टायरच्या चिरा वाकून पाहिल्या. मग त्यांनी आणि हनुमंतानं मिळून सायकल गाडीत चढवली. मोटरसायकल हनुमंतानं एका पायावर लंगडत सुरू केली. निघताना पोपटराव काचेतून म्हणाले, "त्या दिवशी हलगी वाजवायला मी सांगितलं न्हवतं, हनुमंता. पण थांबवलंबी न्हाई." एवढंच. हनुमंतानं मान हलवली. माफ केलं असं काही त्यात नव्हतं. ऐकलं, एवढंच होतं.

संध्याकाळी अनुपमानं अंगणात बसून नवे टायर चढवून दिले, आणि भाव त्यांच्या ग्रुपला पडला होता तोच घेतला. दौंडच्यापेक्षा तो फार जास्त नव्हता. जाताना म्हणाली, "अंकिता, पुढच्या वेळी आमच्या मागणीतच तुझंही नाव घाल. विचारत बसू नको."

दौंडच्या जोडीतला राहिलेला टायर हनुमंतानं हातात घेतला. शेजारचा ज्योतिबा कुंपणावरून म्हणाला, "तेवढं जाहिरातीला टाका. तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवला की कोणीतरी नेईल."

हनुमंतानं कोयता घेतला, टायर ओंडक्यावर ठेवला आणि त्याचे तुकडे केले. मग संपतला फोन लावला. शिव्या द्यायच्या असं ठरवलं होतं. पण झालं ते सगळं सांगितल्यावर हनुमंत एवढंच म्हणाला, "अजून असले टायर असतील तर विकू नका. कापून टाका." संपत पैसे परत देतो म्हणाला. दिले नाहीत.

रविवारी बारामतीला अंकिता कोपराला पट्टी बांधून उतरली. हनुमंत शेवटच्या वळणावर, घोट्याला बँडेज गुंडाळून, गर्दीत उभा होता. घोळका वळणातून भणाणत आला. त्यात अंकिता होती, दात आवळून, कुणाच्या तरी मागं चिकटलेली. हनुमंतानं पाहिलं ते फक्त तिचं मागचं चाक. ते सरळ, स्वच्छ, न उडता गेलं.

थोड्या वेळानं ती सायकल ढकलत त्याच्याकडं आली.

"बघितलं का?" तिनं विचारलं.

"बघितलं की." मग तो जरा ओशाळला. "कितवी आलीस?"

"चौथी. संघात पाच जणी घेतल्यात."

त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. ती गटागटा प्याली आणि पट्टी सोडून उरलेलं पाणी सोललेल्या कोपरावर ओतून घेतलं.