नळीला मारलेली गाठ

शिंप्याच्या डोळ्याला लोंबतं काही बघवत नाही, हेच गुंडेरावांचं दुखणं. बन्नीमंटपाजवळच्या डायलिसिस सेंटरात बायको विशालाक्षी खाटेवर पडलेली, आणि यंत्राच्या पंपाकडून फिल्टरकडे जाणारी रक्ताची नळी पंख्याच्या वाऱ्यानं डुलत होती. नातलगांनी नळ्यांना हात लावायचा नाही, लावला तर पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला कायदा. पण ऐकतील ते गुंडेराव कसले! खिशातून कापडाची पट्टी काढली, नळी दांडीला करकचून बांधली आणि खुशाल बसले.

थोड्या वेळानं विशालाक्षी कण्हू लागली. "अय्यो, पाठ... छाती आवळतेय हो." परतीच्या नळीतलं रक्त डाळिंबाच्या रसासारखं लालभडक, पारदर्शक दिसत होतं. गुंडेरावांनी झटकन गाठ सोडली, पट्टी खिशात कोंबली आणि मग "सहाना!" म्हणून ओरडले.

सहाना तिथली तंत्रज्ञ, मराठी घरातलीच. तिनं पंप थांबवला, चिमटे लावले, डॉक्टरांना हाक मारली. "मामा, हे रक्त परत देता येणार नाही. पेशी फुटल्यात." तिनं नळ्या चाचपल्या. सगळ्या मोकळ्या. तिचा चेहरा उतरला. "मग सगळ्या यंत्रांना जाणाऱ्या पाण्यातच दोष असणार. सगळ्यांची यंत्रं बंद करावी लागतील!"

शेजारच्या खाटेवरच्या वनजाबाईंना धड श्वास घेता येत नव्हता. त्यांच्या अंगात साठलेलं पाणी आज निघायलाच हवं होतं. गुंडेरावांनी खिशातली पट्टी आणखी खोल दाबली. बोललो तर पुढच्या खेपेपासून विशाजवळ कोण बसणार?

"कुठं नळी दाबली गेली होती का?" सहाना विचारत होती. "अरुंद जागेतून रक्त धडाक्यानं जातं, भोवरे उठतात, पेशी नळीला घासून फुटतात. पंपाच्या पुढं दाब मोजला जात नाही, म्हणून यंत्र ओरडतही नाही."

विशालाक्षीनं नवऱ्याकडे पाहिलं. तिनं सगळं बघितलं होतं. "मी बांधली होती गं," ती कशीबशी म्हणाली. "सुम्ने, उगीच आपली, लोंबत होती म्हणून."

गुंडेरावांना रडूच कोसळलं. "खोटं बोलतेय ती! एका हातात सुया टोचलेल्या, दुसऱ्या एकट्या हातानं गाठ कशी मारेल? मी बांधली, मीच सोडली. पाणी चांगलं आहे, बाकीच्यांचं बंद करू नका!"

वनजाबाईंचं यंत्र चालू राहिलं. कारण कळल्यावर डॉक्टरांनी धावपळ करून विशालाक्षीला सावरलं. गुंडेरावांना मात्र त्याच पावली बाहेर काढलं. दाराच्या काचेतून ती दिसत होती. मोकळा हात जरासा उचलून, तिथंच बसा, जाऊ नका, म्हणून खुणावत होती.