झुलालची सव्वा मूठ

कानबाईची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्यानं उठून जावं, फुटाणे मात्र इथेच ठेवून.

लढाई चालू होती, घासलेटाला रांगा लागायच्या, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव धुळ्यापासून दोन कोसांवर. माझी पाळी जाऊन वर्ष होत आलं होतं. अंगातून अशा वाफा निघायच्या की एकदा कपाळाला पापड लावला तर तो भाजून निघाला. खाल्लाय मी तो. झोप नाही. कोठीत जायचं आणि कशाला आले तेच आठवायचं नाही. भीती वाटायची, पण सांगणार कोणाला.

श्रावणात कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू मोजतात. भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, एकेकाचं नाव घेऊन. वीस वर्षं ते काम माझ्या हातात. त्या वर्षी तेवीस नावं घेतली आणि धाकट्या दिराचं, झुलालचं, नावच सुचेना. माणूस समोर बसलेला, मूठ हवेत तशीच.

झुलाल म्हणाला, "मी जित्ता शे ना, वहिनी?" बठ्ठे जण हसले. मग तो बायकोकडे वळला. "वहिनीनं डोकं गयं. कुंदा, यंदा तू मोज."

कुंदाबाईनं सूप ओढलं. मी सोडलं नाही.

म्हटलं, महिन्याचे चार दिवस मला बाहेर बसवलंत तेव्हा माझं डोकं जागेवर होतं. आता बारा महिने देवाला शिवायला मोकळी झाले, तर सूप काढून घेता? "भाऊ, तू तुना घरना नावं सांग."

तो बोटांवर मोजत सांगू लागला. स्वतः, चार लेक, थोरला नातू. "झायं."

धाकटा नातू निंबा त्याच्या मांडीवर बसून त्याची मिशी ओढत होता.

"तुनं काय बंद पडनं, भाऊ?" मी विचारलं.

आधी कुंदाबाईच फिसकन हसली. तिच्या हातून सूप सुटलं.

झुलालची सव्वा मूठ मीच मोजली, निंबाचीही. कुंदाला शेजारी बसवलं आणि सांगितलं, मी अडले तर लगेच नाव सांगायचं नाही, थांबायचं. दोनदा अडले. दोन्ही वेळा नाव आपलं आपण आलं. पुढे वाफा ओसरल्या, झोप परतली, आणि सूप आणखी अठरा वर्षं माझ्याकडेच राहिलं.

बरं, एक कबूल करते. निंबा मांडीवर नव्हता, मागच्या अंगणात कोंबड्यांमागे पळत होता. मांडीवर मी बसवला, गोष्टीपुरता. झुलाल विसरला ते खरंच.

आणि पापडाचं मला विचारू नका. तो भाजला होता.